म्हातारपणी अंगातली फौज पुन्हा उभी राहील का?

साठी उलटली की दवाखान्यात येणाऱ्याची तक्रार सांगण्याची तऱ्हाच बदलते. तिशीतला माणूस म्हणतो, "ताप आलाय, परवा कामावर जायचंय, तेवढं बघा." पासष्टीचा माणूस खुर्चीत बसून आधी दम खातो आणि म्हणतो, "डॉक्टर, पूर्वीसारखं राहिलं नाही आता. साधी सर्दी झाली तरी पंधरा दिवस जात नाही." त्यामागोमाग ठरलेला प्रश्न येतो, "प्रतिकारशक्ती वाढवायचं एखादं इंजेक्शन नाही का हो?"

२०२० च्या करोनाच्या साथीनंतर हा प्रश्न फारच वाढला. त्या साथीने एक गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोर आणली. विषाणू तोच, पण नातवाला दोन दिवस ताप येऊन गेला आणि आजोबांना मात्र प्राणवायू लावावा लागला. असे का व्हावे? आणि वयाबरोबर थकलेली ही शक्ती पुन्हा पूर्वपदावर आणता येते का? या विषयावर जगभर संशोधन चालू आहे आणि त्यातले काही आपल्या पुण्यात आणि मुंबईतही झाले आहे. दुसरीकडे याच विषयाच्या नावावर बाजारही मोठा भरला आहे. म्हणून वाचकहो, आज जरा सविस्तर लिहितो.

फौजेत कोण कोण असते?

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराची फौज. ही फौज एकसारख्या शिपायांची नसते. ढोबळमानाने तिचे दोन भाग करता येतील.

पहिला भाग भक्षक पेशींचा. जंतू दिसला की त्याला गिळायचे, हा त्यांचा धर्म. मरून पडलेल्या पेशी, साचलेला कचरा उचलण्याचे झाडूकामही त्यांच्याकडेच असते. या पेशी प्रथम ओळखल्या त्या एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने. १८८२ मध्ये सिसिली बेटावर मेसिना या गावी त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात गुलाबाचा काटा टोचून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. या कामासाठी त्याला १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार करून ती आधी स्वतःला टोचून घेणारे डॉ. हाफकिन हे याच मेचनिकॉफचे शिष्य. गंमत अशी, की म्हातारपणाचा आणि या भक्षक पेशींचा जवळचा संबंध आहे, असे मेचनिकॉफ त्या काळीच सांगत होता.

दुसरा भाग लिम्फोसाइट नावाच्या पेशींचा. यांतल्या बी पेशी प्रतिद्रव्ये तयार करतात. टी पेशी शत्रूने बळकावलेल्या पेशींना शोधून मारतात, आणि एकदा पाहिलेला शत्रू वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. कॅन्सरची पेशी तयार झाली तर तिलाही याच हेरतात. टी पेशींचे प्रशिक्षण छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत होते. या ग्रंथीचे महत्त्व १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी दाखवून दिले. तोवर तिला निरुपयोगी अवयव समजत असत.

वय झाले की काय बिघडते?

सर्वप्रथम ही थायमसची शाळाच ओस पडते. लहानपणी ती चांगली भरलेली असते. वयात आल्यानंतर ती आक्रसू लागते आणि तिच्या जागी चरबी साठते. साठीनंतर नव्या रंगरूटांची भरती जवळजवळ नाममात्र उरते. जुने शिपाई आयुष्यभर पाहिलेल्या शत्रूंशी लढू शकतात, पण नवा शत्रू आला की गडबडतात. म्हणून तर करोना म्हाताऱ्या माणसांना जड गेला.

अर्थात ही ओस पडलेली शाळा अगदीच निकामी नसते. बॉस्टनच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. छातीच्या शस्त्रक्रियेत ज्या प्रौढ रुग्णांची थायमस काढून टाकली होती त्यांची तुलना त्यांनी थायमस शाबूत असलेल्यांशी केली. पाच वर्षांत पहिल्या गटात १०० पैकी सुमारे ८ जण दगावले, तर दुसऱ्या गटात सुमारे ३. कॅन्सरचे प्रमाणही पहिल्या गटात दुप्पट होते. म्हणजे उतारवयातही ही ग्रंथी थोडेफार काम करीतच असते.

दुसरा बिघाड हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत होतो. तिथे रक्ताच्या सर्व पेशींची आई म्हणता येईल अशी मूळ पेशी असते. तिला इंग्रजीत स्टेम सेल म्हणतात. वयाबरोबर या मूळ पेशींची संख्या कमी होते असे नाही, पण त्यांचा कस कमी होतो. त्यांच्यापासून लिम्फोसाइट कमी तयार होतात.

तिसरा बिघाड भक्षक पेशींचा. त्या गिळायला आळसावतात आणि विनाकारण चिडचिड मात्र करू लागतात. अंगात मंद दाह सतत धुमसत राहतो. चुलीतला विस्तव राखेखाली राहावा तसा. हृदयाच्या रक्तवाहिन्या कठीण होणे, मधुमेह, स्मृतिभ्रंश, सांध्यांची झीज या म्हातारपणाच्या दुखण्यांना हा धुमसता विस्तव हातभार लावतो, असे आता मानले जाते.

म्हणजे फौज एकीकडे दुबळी होते आणि दुसरीकडे आपल्याच गावात दंगा करते. म्हणूनच "शक्ती वाढवा" एवढे म्हणून भागत नाही. शक्ती नुसती वाढवली तर दंगाही वाढेल. शिस्त परत आणायला हवी. ही गोष्ट वाचकांनी पक्की ध्यानात ठेवावी, कारण बाजारातल्या बहुतेक जाहिराती इथेच फसवतात.

गणेशखिंडीतले संशोधन

पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. गणेशखिंडीतून आपण नेहमी जातो, पण आत काय चालते याची फारशी कल्पना नसते. या संस्थेत डॉ. वैजयंती काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जेतल्या म्हाताऱ्या मूळ पेशींवर काम केले आणि २०१८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्यांनी काय पाहिले? मज्जेत रक्ताच्या मूळ पेशींच्या शेजारी त्यांना सांभाळणाऱ्या आणखी काही पेशी असतात. बाळंतिणीला जशी माहेरची माणसे, तशा या आधार देणाऱ्या पेशी. त्या आपल्यातून अतिसूक्ष्म पुरचुंड्या बाहेर सोडतात आणि शेजारची मूळ पेशी त्या आत घेते. पुरचुंडीत कामाच्या सूचना असतात. आधार देणाऱ्या पेशी तरुण उंदरांच्या असतील तर त्या पुरचुंड्यांत पेशीतला केरकचरा काढण्याच्या यंत्रणेच्या सूचना असतात. त्या मिळाल्या की म्हाताऱ्या उंदराची मूळ पेशी पुन्हा तरतरीत होते आणि दुसऱ्या उंदराच्या अंगात घातल्यावर चांगली रुजते. आधार देणाऱ्या पेशी म्हाताऱ्या असतील तर पुरचुंडीतला मजकूर बदलतो आणि उलटा परिणाम होतो. विशेष म्हणजे म्हाताऱ्या आधारपेशींमधला एक रासायनिक मार्ग औषधाने अडवला, तर त्यांच्या पुरचुंड्याही सुधारतात असे या गटाला दिसले.

याचा अर्थ असा, की पेशीचे म्हातारपण सर्वस्वी तिच्या नशिबात लिहिलेले नसते. शेजारपाजारही त्याला कारण असतो आणि तो सुधारता येतो. मात्र हे सारे उंदरांच्या पेशींवरचे काम आहे. उंदरावरून माणसावर यायला वर्षे लागतात आणि वाटेत पुष्कळ गोष्टी गळून पडतात.

परदेशातली एक आशा आणि एक निराशा

असेच एक काम अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. कॅट्रिन अँड्रियासन यांच्या गटाने केले. ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हातारपणी भक्षक पेशींमध्ये प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचे द्रव्य जास्त तयार होते, त्यामुळे त्या पेशींना साखर नीट वापरता येत नाही, त्या उपाशी राहतात आणि दाह वाढवतात, असे त्यांना दिसले. हे द्रव्य पेशीवरच्या ज्या कुलपात बसते, ते कुलूपच औषधाने बंद केल्यावर म्हाताऱ्या उंदरांच्या भक्षक पेशी तरुणासारख्या वागू लागल्या. एवढेच नव्हे, तर विसराळू झालेल्या उंदरांना पुन्हा वाटा आठवू लागल्या. मेंदूत न पोचणारे औषध दिले तरी फायदा दिसला.

इथे एक धोक्याची सूचना. प्रोस्टाग्लँडिन हे नाव वाचून कोणी म्हणेल, दुखण्यावरच्या गोळ्या तेच कमी करतात, मग रोज एक घेतली तर? कृपा करून असे करू नका. या गोळ्या सगळीच प्रोस्टाग्लँडिने सरसकट कमी करतात, त्यांत पोटाचे अस्तर आणि मूत्रपिंड सांभाळणारीही आली. गुडघ्यासाठी वर्षानुवर्षे दुकानातून गोळ्या घेऊन मूत्रपिंड घालवलेली माणसे दर डॉक्टरने पाहिलेली असतात.

आता निराशेची गोष्ट. रॅपामायसिन नावाचे एक औषध आहे. प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटाच्या मातीतल्या जंतूपासून ते मिळाले आणि ते शोधण्यात डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल या आपल्या भारतीय शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. या औषधाच्या एका भावंडाचा अगदी कमी डोस ६५ वर्षांवरील २१८ लोकांच्या चाचणीत सहा आठवडे देऊन पाहिला. नंतर फ्लूची लस दिली, तेव्हा लसीला मिळालेला प्रतिसाद सुमारे २० टक्क्यांनी वाढला. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सर्वांना आनंद झाला. पण याच मार्गावर काम करणाऱ्या दुसऱ्या एका औषधाची मोठी चाचणी म्हाताऱ्या माणसांचे श्वसनाचे आजार कमी होतात का हे पाहण्यासाठी घेतली, तेव्हा २०१९ मध्ये ती अपयशी ठरली. आजार कमी झाले नाहीत.

रक्ताच्या तपासणीत आकडा सुधारणे निराळे आणि माणूस आजारातून वाचणे निराळे. औषधाची खरी परीक्षा दुसरीच.

आज हाती काय आहे?

मग आज काहीच नाही का? तसेही नाही. फौजेला जागे करण्याचे किंवा तिची अडवलेली वाट मोकळी करण्याचे तीन उपाय आज प्रत्यक्ष वापरात आहेत.

पहिला उपाय बीसीजी. बाळाच्या दंडावर टोचतात तीच क्षयाची लस. मूत्राशयाचा कॅन्सर हा बहुतकरून उतारवयातला आजार. कॅनडातल्या डॉ. मोरालेस यांनी १९७६ मध्ये दाखवले, की दुर्बिणीतून गाठ काढल्यावर बीसीजीचे द्रावण नळीने मूत्राशयात सोडले तर तिथे प्रतिकारपेशी गोळा होतात आणि कॅन्सर पुन्हा उगवण्याचे प्रमाण घटते. आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे हे द्रावण देतात. पन्नास वर्षे होत आली तरी वरवरच्या थरात असलेल्या, पण पुन्हा उलटण्याचा धोका असलेल्या कॅन्सरसाठी हा उपाय टिकून आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही या कामासाठीचे बीसीजी तयार केले आहे. म्हणून सांगतो, लघवीतून न दुखता रक्त गेले, एकदाच गेले आणि थांबले, तरी उष्णता झाली म्हणून सब्जाचे पाणी पीत बसू नका. तपासून घ्या.

दुसरा उपाय थकलेल्या टी पेशींचा. कॅन्सरशी झुंजता झुंजता टी पेशी दमतात. त्यांच्या अंगावर एक ब्रेक असतो आणि कॅन्सरची पेशी तो दाबून धरते. हा ब्रेक जपानच्या डॉ. होंजो यांनी १९९२ मध्ये शोधला. त्यांना आणि अमेरिकेच्या डॉ. ॲलिसन यांना २०१८ मध्ये नोबेल मिळाले. ब्रेक सोडवणारी औषधे निघाली, पण किंमत अशी, की आपल्याकडच्या शेतकऱ्याने, शाळामास्तराने नावही काढू नये.

इथे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने फार मोलाचे काम केले. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे असे रुग्ण घेतले, की ज्यांचा आजार शस्त्रक्रियेने बरा होण्यापलीकडे गेला होता. तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांचा हा आपल्या महाराष्ट्राला लागलेला शाप. १५१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला स्वस्तातल्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या गटाला त्याच गोळ्या आणि जोडीला निव्होलुमॅब हे ब्रेक सोडवणारे औषध, पण नेहमीच्या डोसाच्या एक दशांशाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. एका वर्षानंतर पहिल्या गटातले १०० पैकी १६ जण जिवंत होते, दुसऱ्या गटातले ४३. हा अभ्यास २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. आजार मुळापासून गेला असा याचा अर्थ नाही. पण आणखी काही काळ माणूस घरात असणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरचे आहे त्यालाच कळते. ब्रेक सोडलेली फौज कधी थायरॉइडवर, आतड्यांवर किंवा फुप्फुसांवर उलटते, म्हणून हे औषध कॅन्सरतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी "कमी डोसाच्या इम्युनोथेरपीचा आमच्या पेशंटला उपयोग होईल का?" हा प्रश्न आपल्या तज्ज्ञांना जरूर विचारावा.

तिसरा उपाय नागिणीच्या लसीचा. नागीण आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. कमरेभोवती किंवा छातीवर एका बाजूला पट्ट्यासारखे फोड येतात, आगआग होते. नागिणीची दोन्ही तोंडे मिळाली की माणूस जातो, अशी समजूत अजूनही आहे आणि ती खोटी आहे. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो. टी पेशी त्याला आयुष्यभर पहाऱ्यात ठेवतात. वय झाले, पहारा ढिला झाला, की तो बाहेर पडतो. फोड वाळतात, पण काहींना महिनोन्‌महिने अशी वेदना राहते, की अंगावर सदरा सोसवत नाही.

यावरची नवी लस २०२३ पासून भारतात मिळते. पन्नाशीनंतर दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस घ्यायचे असतात. जुनी लस सत्तरीपुढच्या माणसांत जेमतेम ४० टक्के काम करीत असे. नवी लस त्याच वयात सुमारे ९० टक्के संरक्षण देते. फरक पडला तो लसीत घातलेल्या उत्तेजक द्रव्यामुळे. त्यातला एक घटक चिली देशातल्या एका झाडाच्या सालीतून येतो. ती साल आपल्या रिठ्यासारखी फेस देते. म्हणजे म्हाताऱ्या टी पेशींना हाक ऐकू येते, फक्त ती मोठ्याने मारावी लागते.

आणखी एक नवलाची गोष्ट. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात २०१३ मध्ये नागिणीची जुनी लस देताना जन्मतारखेची एक रेघ आखली होती. २ सप्टेंबर १९३३ नंतर जन्मलेल्यांना लस, आधीच्यांना नाही. रेघेच्या अलीकडची आणि पलीकडची माणसे वयाने सारखीच. त्यांची सात वर्षांची तुलना २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशाने कमी आढळला. नेमके कारण अजून शोधले जात आहे. लस महाग आहे, सर्वांना परवडणारी नाही, हे मी जाणतो. पण ज्यांना परवडते त्यांनी "टॉनिका"वर पैसे घालवण्याआधी तिचा विचार करावा. आणि ज्यांना नागीण झालीच, त्यांनी मंत्र, गेरू, लेप यांत दिवस न घालवता पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरकडे जावे. विषाणूवरच्या गोळ्यांचा उपयोग लवकर सुरू केल्या तरच होतो.

गुळवेलीचे काय?

हा प्रश्न येणारच. गुळवेल प्रतिकारपेशींवर परिणाम करते, हे खरे आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर शास्त्रशुद्ध काम केले. पित्तनलिका बंद पडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांच्या त्यांच्या अभ्यासात, १९९३ मध्ये, गुळवेल दिलेल्या रुग्णांच्या भक्षक पेशींची गिळण्याची आणि जंतू मारण्याची ताकद पूर्ववत झाली आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांतले जास्त रुग्ण वाचले. आयुर्वेदातल्या औषधाची अशी कसोटी घेणे हे त्या काळी धाडसाचेच होते.

पण ती रुग्णालयातली, ठरावीक मुदतीची, मोजून दिलेली गुळवेल होती. करोनाच्या काळात लोकांनी कुंपणावरची वेल तोडून महिनोन्‌महिने काढे घेतले. २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या यकृताला गुळवेलीच्या सेवनानंतर सूज आली होती. आयुष मंत्रालयाने त्याला हरकत घेतली आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल असे म्हटले. वाद बाजूला ठेवू. आपल्यापुरता बोध एवढाच, की जे औषध प्रतिकारपेशींना खरोखर हलवते, त्याने इजाही होऊ शकते. वेल ओळखणारा वैद्य हवा, मात्रा हवी आणि मुदत हवी. थायरॉइड, संधिवात, सोरायसिस असे आजार ज्यांना आहेत, म्हणजे ज्यांची फौज आधीच आपल्या घरावर उलटली आहे, त्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

शेत गहाण टाकू नका

सर्वांत जास्त काळजी वाटते ती "स्टेम सेल देऊन तरुण करतो" असे सांगणाऱ्यांची. गुडघे, मधुमेह, लकवा, विसरभोळेपणा, सर्वांवर एकच उपाय आणि खर्च लाखांत. आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ सांगितले आहे, की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी मज्जेतल्या मूळ पेशींचे रोपण हाच मान्य उपचार आहे. बाकी सारे अद्याप प्रयोग आहेत आणि प्रयोगात सामील होणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून कसोटी सोपी आहे. कोणी अशा उपचाराचे पैसे मागितले, की तिथून उठावे. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम, निवृत्तीचा फंड, वडिलोपार्जित शेत अशा आशेवर जाता कामा नये. गणेशखिंडीतले शास्त्रज्ञ जे उंदरात तपासत होते, ते गल्लीतल्या पाटीवर विकायला आलेच कसे, एवढा प्रश्न स्वतःला विचारला तरी पुरे.

घरच्या घरी काय करावे?

चालावे. याला पुरावा आहे. इंग्लंडमध्ये ५५ ते ७९ वयाचे, आयुष्यभर सायकल चालवणारे १२५ लोक तपासले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या थायमसमधून नव्या टी पेशींची भरती बसून राहणाऱ्या समवयस्कांपेक्षा जास्त, जवळजवळ तरुणांइतकी आढळली. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्याने हे वाचून थोडे खजील व्हायला हरकत नाही. सायकल झेपत नसेल तर रोज अर्धा तास भराभर चालावे आणि ते साठीची वाट न पाहता सुरू करावे.

पोटभर आणि कसदार खावे. दात गेले की म्हातारी माणसे चहा-बिस्किटे आणि दूध-भातावर येतात. फौजेला शिधा लागतो. मऊ शिजवलेले मूग, पिठले, ताक, दही, शेंगदाण्याचे कूट, खात असल्यास अंडे, यांतले काही दोन्ही जेवणांत असावे.

साखर ताब्यात ठेवावी. रक्तात साखर वाढली की भक्षक पेशी नीट काम करीत नाहीत. मधुमेही माणसाची जखम चिघळते त्याचे हे एक कारण.

दर वर्षी पावसाळ्याआधी फ्लूची लस घ्यावी. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो. पासष्टीनंतर, तसेच मधुमेह, दमा, हृदयविकार असल्यास त्याआधीही, न्यूमोनियाच्या लसीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे.

तंबाखू, मिश्री, विडी सोडावी. तोंडातली जखम किंवा पांढरा चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही तर दाखवावा.

आणि शेवटचे, पण मुलांसुनांसाठी सर्वांत महत्त्वाचे. म्हाताऱ्या माणसाची फौज क्षीण झालेली असल्यामुळे आजार मोठा असला तरी ताप फणफणत नाही. न्यूमोनिया झाला तरी आजी नुसत्या गप्प होतात, जेवत नाहीत, असंबद्ध बोलतात. क्षय उलटला तर दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहतो, वजन उतरते, आणि घरचे म्हणतात, "आता वय झालं." थुंकीची तपासणी आणि क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. "वय झालं" हे निदान नव्हे.

फौज पुन्हा पूर्ण तरुण करण्याचे औषध आज कोणाकडेही नाही. उद्या येईल, कदाचित आपल्याच पुण्यातूनही येईल. तोवर आहे त्या शिपायांना शिधा द्यावा, कवायत द्यावी, लसीची आगाऊ सूचना द्यावी. घरात वडीलधारे कोणी असतील तर या आठवड्यात त्यांचे वजन करून वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा करा. दोन-तीन महिन्यांत कारण नसताना तीन-चार किलो उतरले, तर ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.